आयुक्त साहेब, सकाळची पहिली बाटली तपासा

मा. आयुक्त, नागपूर महानगरपालिका यांस,

सप्रेम नमस्कार.

मी महाल भागात राहतो, जन्मभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. आमच्याकडे पहाटे पाचला चहाचं आधण चढतं. रात्रभर पाइपात थांबलेलं पाणीच त्यात जातं. शिसं असलंच, तर सगळ्यात जास्त याच पाण्यात असणार. ते दिसत नाही, चवीला लागत नाही. 'पाणी उकळून प्या' हा सल्ला जंतूंसाठी ठीक. शिसं उकळून जात नाही, वाफ उडाली की उलट त्याचं प्रमाण वाढतं.

शिसं बहुधा वाटेत मिसळतं. पितळी तोट्या, जुने डाग दिलेले सांधे, आणि पीव्हीसीचे पाइप. पीव्हीसी तयार करताना उष्णतेत टिकावं म्हणून शिशाची संयुगं घालत. केंद्र सरकारनं त्यावर नियम केले 2021 साली. आधी भिंतीत गाडलेले पाइप मात्र तिथंच आहेत. म्हणून गोरेवाड्याच्या जलशुद्धीकरण केंद्राचा अहवाल कितीही चांगला असो, माझ्या ओट्यावरच्या नळाबद्दल तो काही सांगत नाही.

अमेरिकेतल्या फ्लिंट शहरानं एप्रिल 2014 मध्ये पैसे वाचवायला पाण्याचा स्रोत बदलला. नदीचं पाणी पाइप खाणारं, आणि ते थोपवणारं रसायन घातलंच नाही. लोक गढूळ पाण्याच्या बाटल्या घेऊन सभांना गेले. पाणी सुरक्षित आहे, हेच उत्तर. ली-अ‍ॅन वॉल्टर्स या गृहिणीच्या नळाला 104 पीपीबी, म्हणजे अब्ज भाग पाण्यात 104 भाग, शिसं निघालं. तिथं तेव्हा 15 च्या वर कारवाई करावी लागत होती. अधिकाऱ्यांनी तिचा नमुना हिशेबातून काढला आणि शहराचा आकडा मर्यादेत बसवला! नमुन्याआधी नळ वाहू द्या, अशी सूचनाही होती, म्हणजे साचलेलं शिसं आधीच वाहून जावं. शेवटी लोकांनीच व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या मदतीनं अडीचशेहून अधिक घरांतलं पाणी तपासलं. सप्टेंबर 2015 मध्ये बालरोगतज्ज्ञ डॉ. मोना हॅना-अटीशा यांनी मुलांच्या रक्तात शिसं वाढल्याचं दाखवलं, तर आधी त्यांनाच चूक ठरवलं गेलं. ऑक्टोबरात जुना स्रोत परत आला, पण मुलं दीड वर्ष ते पाणी प्यायली होती.

नागपुरात असं झालंय, असं मी म्हणत नाही. म्हणायला आकडा लागतो, आणि तोच मागतोय. आयएस 10500 या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे शिशाची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम, म्हणजे 10 पीपीबी, तीत सूट नाही. आपले दहा झोन. प्रत्येकातली दहा घरं आणि एक अंगणवाडी घ्या. अंगणवाडी यासाठी, की शिसं आधी लहान मुलांच्या मेंदूवर जातं. रात्री नळ बंद, सकाळी पाणी वाहू न देता पहिली बाटली भरायची. तपासायला नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था शहरातच आहे. निकाल झोन कार्यालयाच्या फलकावर आकड्यानिशी लावा. 'पिण्यास योग्य' एवढ्यावर भागवू नका.

जिथं जास्त निघेल तिथं तोटी-पाइप बदलेपर्यंत पिण्याचं पाणी पोहोचवा. 'आरओ बसवा' हे उत्तर झोपडपट्टीतल्या बाईला देऊ नका.

पहिली बाटली माझ्याकडची न्या. पाचला मी उठलेलाच असतो, चहा त्यानंतर ठेवीन.

आपला,
महालातला एक निवृत्त मास्तर