बाबा, त्या तबकडीबद्दल

सॅन फ्रान्सिस्को
२८ ऑगस्ट २०१६

ती. आई-बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. आई, फोटोत बारीक दिसलो ते केस कापल्यामुळे. कुकर रोज लागतो, तुझं मेतकूटही अजून आहे.

बाबा, "एका तबकडीला पंचवीस डॉलर?" असं तुम्ही विचारलंत तेव्हा ऑफिसात होतो, म्हणून नीट लिहितो. उधळपट्टी नाही, दोन महिने बाहेरचं जेवण बंद ठेवून घेतली. 'फेथ नो मोअर' हा इथलाच, याच शहरातला बँड. 'वी केअर अ लॉट' ही त्यांची पहिली रेकॉर्ड १९८५ची. पाठीशी कंपनी नव्हती, पदरचे पैसे घालून पाच गाणी रेकॉर्ड केली. ती ऐकून एका बाईंनी मदत केली, तेव्हा रेकॉर्ड पुरी झाली. पुढे वर्षानुवर्षं ती दुकानात मिळतच नव्हती. मूळ टेपा बास (म्हणजे खर्जातली गिटार) वाजवणाऱ्या बिली गूल्डच्या तळघरात निघाल्या आणि याच महिन्यात त्याने स्वतःच्या रेकॉर्ड कंपनीतर्फे ती पुन्हा काढली. १९८८ साली बँडमधून काढलेला, या रेकॉर्डवरचा गायक चक मोझली, त्यालाही या निमित्ताने परत स्टेजवर बोलावलं. मला ते फार आवडलं.

याला फंक मेटल म्हणतात, म्हणजे फंकचा नाचरा ठेका आणि मेटलची जड गिटार. गिटार कर्कश आहे, तुम्हाला सोसणार नाही. पण बास ऐका. पखवाजावर उघडी थाप पडावी तशी बिली तार ठोकतो, आणि समेवर बरोब्बर येतो.

इथल्या लोकांचं एक मला अजून उलगडत नाही. फोनवर सगळी गाणी असतात, तरी तबकडी घेतात. मऊ ब्रशने धूळ पुसतात, कडेला धरून ठेवतात, सुई अलगद सोडतात. एक बाजू वीसेक मिनिटांत संपते, की उठून उलटतात. तेवढा वेळ दुसरं काम करत नाहीत, बोलतही नाहीत. काहीजण दोन घेतात, एक वाजवायला आणि एक प्लास्टिकसुद्धा न फाडता ठेवायला. रूमवरच्या मित्राच्या प्लेअरवर लावली. सुई टेकताना खरखर झाली आणि एकदम आपली फियेस्टा, घरचा तो जुना रेकॉर्ड प्लेअर, आठवली. माझ्या इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी ती तुम्ही तबकड्यांच्या पेटीसकट विकलीत. "आता कोण ऐकतंय," म्हणालात. मी खरं मानलं. बाबा, डिसेंबरात प्लेअर घेऊन येतो, नाही म्हणू नका. भीमसेनजींच्या तबकड्या पुण्यात जुन्या बाजारात शोधू.

पैसे शुक्रवारी टाकलेत. त्यातले वीस हजार मनीच्या साखरपुड्याच्या हॉलचे, घराच्या हप्त्यात घालू नका. हप्त्याचं मी बघतो. कऱ्हाडच्या स्थळाला मी नाही म्हटलेलं नाही, आई. मुलीशी एकदा फोनवर बोलू दे, मग पत्रिका बघा. गणपतीला येता येत नाही, रजा मनीच्या लग्नासाठी राखून ठेवली आहे. सलग दुसरं वर्ष, ठाऊक आहे मला. मोदकांचं मनाला लावून घेऊ नकोस.

पहिल्या दिवशी संध्याकाळच्या आरतीला फोन लावा. तुमचे साडेसात म्हणजे इथे सकाळचे सात, मी उठलेलो असेन. बोललं नाही तरी चालेल, फक्त बाबांच्या पखवाजाजवळ ठेवा.

तुमचा,
बाळू