बायोडाट्यातला ‘नोकरी’चा रकाना

तीर्थरूप बाबा आणि आई यांस, सा. न.

मामानं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवलेला माझा लग्नाचा बायोडाटा माझ्यापर्यंतही आला. फोटो बरा निवडलात. उंची दोन इंच वाढवली आहे, ते चालू द्या. पण ‘नोकरी’समोर ‘संगीत शिक्षिका, मुंबई’ लिहिलंय ते आधी काढा. मी कोणालाच काही शिकवत नाही. उद्या पाहुण्यांनी ‘कोणत्या शाळेत?’ विचारलं तर उत्तर आईला द्यावं लागेल, आणि आईला खोटं बोलता येत नाही हे अख्ख्या गावाला माहीत आहे. तिथे ‘गिटारवादक, रेकॉर्डिंग व कार्यक्रम’ असं लिहा. ‘रॉक’ लिहायचं की नाही ते मामाच्या हिमतीवर सोडते. पगाराच्या रकान्याचं मात्र सविस्तर सांगावं लागेल. फोनवर ते जमत नाही, बाबा अर्ध्यातच ‘जेवलीस का’वर येतात.

मागे मी एका गाण्याची लिंक पाठवली होती, तेव्हा बाबा म्हणाले, “काहून गं, यात तं तू कुठंच नाहीस.” आहे. शेजारच्या पोराकडून कानात घालायचे इअरफोन घ्या आणि उजवा काढून ठेवा. डाव्या कानात जी खरखरीत गिटार ऐकू येते ती मी. आता डावा काढून उजवा घाला. तीही मीच. रॉकमध्ये तीच ओळ दोनदा वाजवून घेतात, एक डावीकडे ठेवतात, एक उजवीकडे. एकदाच वाजवून कॉम्प्युटरवर नक्कल केली तर चालत नाही, कारण दोन्ही तंतोतंत सारखे आवाज एकत्र होऊन मधोमध येतात. दोन वेळच्या वाजवण्यात केसाएवढा फरक असतो, त्यानंच गाणं रुंद वाटतं. तो फरक केसाएवढाच राहिला पाहिजे, मुठीएवढा झाला की गाणं विस्कटतं. कानात ठोक्याचा टिकटिक आवाज चालू असतो, त्याच्या मागेही जायचं नाही आणि पुढेही नाही. सेशनवाल्याला, म्हणजे दुसऱ्यांच्या गाण्यांवर वाजवून देणाऱ्याला, पैसे मिळतात ते याचे. वेगात बोटं फिरवणारे मुंबईत पैशाला पासरी आहेत.

बाबा, विविध भारतीवर तुम्ही ज्यांच्या गझला ऐकता ते भूपिंदर सिंग आठवा. ते आर. डी. बर्मनकडे गिटार वाजवायचे. 1971 च्या ‘दम मारो दम’मधली गिटार त्यांची आहे. तुम्ही त्यांना गायक म्हणून ओळखता, आणि त्यांची गिटार किती वर्षं नाव न घेता ऐकत आलात. अमेरिकेत लॉस एंजेलिसला टॉमी टेडेस्को नावाचे गिटारवाले होते. 1960 च्या दशकात तिथल्या कित्येक गाजलेल्या रेकॉर्डवर ते आणि त्यांच्याबरोबरचे मोजके वादकच वाजवत, कव्हरवर फोटो मात्र बँडवाल्यांचे. मँडोलिन हवं, बँजो हवं असं कोणी म्हटलं की टेडेस्को ते वाद्य सरळ गिटारच्या सुरांत लावून घ्यायचे आणि वाजवून मोकळे. पुढे ते एका गिटारच्या मासिकात सदर लिहीत. कोणतं काम होतं, कोणतं वाद्य नेलं, आणि पैसे किती मिळाले, सगळं छापून. मला त्यांच्या वाजवण्याइतकंच हे छापणं आवडतं. आमच्याकडे पैशाचं कोणी बोलतच नाही, आणि म्हणूनच नवी पोरं फुकटात वाजवतात.

‘स्वतःचा बँड कधी काढणार?’ हा प्रश्न दर दिवाळीला येतो, म्हणून तोही निकालात काढते. स्टीव्ह ल्युकाथर हे ‘टोटो’ या जगभर गाजलेल्या बँडचे गिटारवादक. तरी 2012 पासून ‘बीटल्स’चे ड्रमवाले रिंगो स्टार यांच्या बँडमध्ये दुसऱ्यांचीही गाणी वाजवतात. त्यांना कमीपणा वाटत नाही, मग मला का वाटावा?

आता कार्यक्रमांचं. हे तर आपल्या झाडीपट्टीत कोणाला समजावून सांगायची गरजच नाही. भाऊबीजेनंतर गावोगावी मंडईच्या जत्रा लागल्या की वडशाच्या नाटक कंपन्या आज या गावात, उद्या त्या गावात रात्रभर खेळ करतात, आणि स्टेजसमोर बसलेले वादक पहाटे सामान टेम्पोत टाकून पुढच्या गावाला निघतात. त्यांना कोणी रिकामटेकडं म्हणत नाही. माझं काम तेच आहे. गायक ठरलेला, गाणी ठरलेली. दुपारी सामान लावायचं, आवाज तपासायचा, रात्री वाजवायचं, सकाळी विमान नाहीतर बस. कधी नेहमीचा गिटारवाला आजारी पडतो, दोन दिवस आधी फोन येतो, आणि सगळा शो कागदावर कॉर्ड लिहून पाठ करावा लागतो. टाळ्या गायकाला. मला एकदा चांगली बिर्याणी मिळाली तरी पुष्कळ.

तर पगार. स्टुडिओत गाण्यामागे पैसे, बाहेर शोमागे. ज्या दिवशी नुसता प्रवास आहे त्याचं काय, हे आधीच बोलून घ्यावं लागतं. एका आयोजकानं आमचे सगळ्यांचे पैसे बुडवले, तेव्हापासून मी अर्धे आधी घेते. दहा टक्के टीडीएस कापून येतो, रिटर्न दर वर्षी भरते. कॉपीराइटचा कायदा 2012 साली बदलला आणि गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क पक्का झाला. वाजवणाऱ्याच्या हातात मात्र सहसा एकदाच रक्कम पडते, मग गाणं दहा वर्षं वाजो. ऑक्टोबर ते फेब्रुवारी दम खायला वेळ नसतो, पावसाळ्यात कार्यक्रम थंड. तेव्हा घरच्या खोलीत रेकॉर्डिंग करून फाइल पाठवते. त्यातलंही बरंचसं काम आता कॉम्प्युटरमधले तयार आवाज खाताहेत. हे मी लपवणार नाही, तुम्हीही पाहुण्यांपासून लपवू नका. महिन्याचा आकडा मला सांगता येत नाही, वर्षाचा येतो. धानाचं तरी काय वेगळं आहे? बाबांना कधी कोणी महिन्याचा पगार विचारला का? पाहुण्यांना हवी असतील तर तीन वर्षांची रिटर्नं दाखवीन, त्यांच्या मुलाचीही बघीन.

आई, मे महिन्यात मी गिटार घेऊन आले होते, तेव्हा तू तिच्या दांडीवरून बोट फिरवून म्हणालीस, “हे टोचते गं.” त्याचं कारण आपलं ऊन. कोरड्या हवेत लाकूड आकसतं, त्यात बसवलेल्या धातूच्या पट्ट्या आकसत नाहीत, म्हणून त्यांची टोकं कडेला बाहेर येतात. इकडे मुंबईच्या पावसात उलटं, लाकूड फुगतं आणि दांडी वाकते. आत एक सळई असते, ती किल्लीनं पाव फेरा फिरवून सरळ करायची. सहा तारांचा मिळून ताणच अर्ध्या क्विंटलच्या जवळपास जातो, एवढं ते लाकूड रात्रंदिवस सोसतं. माझ्या डाव्या हाताची बोटं बघून तू तेल चोळायला सांगतेस, ते नको. ते घट्टे राहू देत, ते गेले की पुन्हा पहिल्यापासून दुखतं.

यंदा मंडईला येणं होत नाही. बाबांच्या मोतीबिंदूची तारीख डिसेंबरात घेऊ नका, ब्रह्मपुरीच्या डॉक्टरांना जानेवारीच्या शेवटची मागा. मी विदर्भ एक्सप्रेसनं गोंदियाला उतरून तिथून गाडी धरीन, आठ दिवस राहीन. खर्चाचे पैसे आईच्या खात्यात टाकले आहेत, ते ट्रॅक्टरच्या हप्त्यात घालू नका. आणि तोवर शेताला विजेची लाइन रात्रीची असली तरी बाबांनी एकट्यानं पाण्याची मोटार सुरू करायला बांधीवर जायचं नाही. वाघ बोडीच्या तळ्यापर्यंत येऊन गेला, हे मला तुम्ही नाही, मामानं सांगितलं.

तुमची,
पोरगी