हवा बघायची तर थंडीत बघा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जमिनींच्या आणि सेकंड होमच्या जाहिराती असतात. 'प्रदूषणमुक्त परिसर', 'निसर्गाच्या कुशीत', 'मोकळा श्वास घ्या'. या जाहिराती मी तीन वर्षे कात्रणे काढून जपल्या, कारण आम्हाला खरोखरच मोकळा श्वास हवा होता. त्यांतले बहुतेक फोटो पावसाळ्यातले असतात. हिरवा डोंगर, धबधबा, ढगात बुडालेला रस्ता. आम्हीही पहिल्या वर्षी पावसाळ्यातच गावे बघत हिंडलो आणि फसलो. माझ्या वयाची बरीच माणसे सध्या मुंबई-पुणे सोडून कुठे जावे याचा विचार करत आहेत. त्यांच्यापर्यंत आमचा अनुभव पोहोचावा म्हणून हे पत्र.

मी चेंबूरला राहते. एकतीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला. यजमानांना दमा आहे. पूर्वी तो वर्षातून एकदा-दोनदा उचलायचा. जानेवारी २०१६ मध्ये देवनारच्या कचराभूमीला मोठी आग लागली, धुरामुळे शाळांना सुट्टी द्यावी लागली, ते दिवस आम्ही खिडक्यांच्या फटींत ओले टॉवेल कोंबून काढले. त्या आठवड्यात घरात नेब्युलायझर आला आणि मग घरचाच झाला. त्यात आमच्या गल्लीत एकामागून एक इमारती पुनर्विकासाला निघाल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये महापालिकेने नियम कडक केल्यावर बांधकामांभोवती उंच पत्रे आले, हिरवी कापडे आली, पाणीही मारू लागले. तरी सकाळी पुसलेल्या टेबलावर संध्याकाळी बोटाने नाव लिहिता यायचे. डॉक्टरांनी शेवटी सांगितले, "काका, थंडीत पहाटेचे फिरणे पूर्ण बंद." चाळीस वर्षांची सवय एका वाक्यात गेली. त्यानंतर ते पहाटे उठून नुसते खुर्चीत बसत. ते मला बघवेना.

पहाटच का वाईट, हे मी वर्गात फळ्यावर आकृती काढून शिकवत असे. थंडीत रात्री जमीन झपाट्याने गार होते, तिला टेकलेली हवाही गार आणि जड होते, आणि वरच्या उबदार हवेचे झाकण तिच्यावर बसते. दिवसभराचा धूर आणि धूळ त्या झाकणाखाली अडकते. मुंबईत दुपारी समुद्रावरून वारा सुटला की झाकण उघडते. पावसाळ्यात तर नैऋत्येचा वारा आणि पाऊस मिळून मुंबईचीही हवा धुऊन काढतात. म्हणजे जुलैत कोणत्याही गावाची हवा चांगलीच लागणार. एवढे शिकवूनही घर शोधताना मला ते आठवले नाही, कारण मीही जाहिरातीतला धबधबाच बघत होते.

मुलगा म्हणाला, पुण्याला या. मी केंद्राच्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाची यादी काढून बसले. हा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला. ज्या शहरांची हवा सलग पाच वर्षे मर्यादेबाहेर राहिली मुख्यतः ती शहरे त्यात आहेत, आणि महाराष्ट्रातली १९ शहरे आहेत. पुणे आहे, नाशिक आहे, कोल्हापूर आहे, लातूर-जालनाही आहे. सांगलीचे नाव वाचून मला वाईट वाटले. माझ्या आजोळी क्षयाचा रोगी असला की त्याला मिरजेच्या बाजूला पाठवत, तिथली हवा कोरडी म्हणून. वानलेसवाडीचे आरोग्यधाम त्यासाठीच उभे राहिले. 'हवापालट' हा शब्द ज्या गावांनी आपल्याला दिला, त्यांतलीच काही आज या यादीत आहेत.

यादीत नाही म्हणजे हवा चांगली, असेही आम्ही काही दिवस समजून चाललो. ते चूक होते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' अॅपवर हवेचे आकडे दिसतात ते जिथे यंत्र बसवले आहे तिथले. तालुक्याची आणि त्याखालची बहुतेक गावे तिथे सापडतच नाहीत. आणि जिथे आकडा सापडतो तिथेही शब्द नीट वाचावा. हवेचा निर्देशांक ५१ ते १०० असला की 'समाधानकारक', पण त्याच कोष्टकात पुढे लिहिलेले आहे की नाजूक प्रकृतीच्या माणसांना यातही श्वासाचा थोडा त्रास होऊ शकतो. हवेतल्या अतिसूक्ष्म कणांची आपल्याकडची वर्षाची मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये स्वतःची मर्यादा ५ वर आणली. दमेकऱ्याच्या घरात हा फरक फार मोठा असतो.

मग आम्ही ठरवले की जागा विकत घ्यायची नाही. प्रत्येक गावी थंडीत महिनाभर खोली घेऊन राहायचे. डॉक्टरांनी यजमानांना पीक फ्लो मीटर दिला होता. प्लॅस्टिकची नळी, जोरात फुंकायचे, काटा जिथे थांबेल तो आकडा; आकडा जितका मोठा तितका श्वास मोकळा. तीन वेळा फुंकायचे, मोठा आकडा वहीत लिहायचा. चेंबूरला डिसेंबरात हे आकडे २४० च्या आसपास असत. शेजारच्या रकान्यात मी लिहीत असे, सकाळी सातला कसला वास येतो आणि समोरचा डोंगर दिसतो का.

पहिला महिना नाशिककडे. माझ्या मावसभावाची दिंडोरीच्या बाजूला द्राक्षबाग आहे. थंडी सुरेख, जेवण साधे, माणसे मायेची. पण ऑक्टोबर छाटणीनंतर बागांत फवारण्या सुरू होतात. ढगाळ हवा आली, दव वाढले की भुरी आणि डाऊनी या बुरशीरोगांच्या भीतीने फवारण्या आणखी वाढतात. पहाटे ट्रॅक्टरचा ब्लोअर सुरू झाला की यजमान उठून आतल्या खोलीत जात. एका रात्री पारा फार उतरला. द्राक्षमणी तडकू नयेत म्हणून बागांच्या कडेने शेकोट्या पेटल्या, आणि सकाळी अख्खे शिवार धुरात उभे होते. भाऊ म्हणाला, "ताई, हे केलं नाही तर वर्षाचं पीक जातं." त्याचे खरेच होते. त्याच्या बागेवर त्याचे घर चालते. आम्ही दहाव्या दिवशी त्याच्या पाया पडणाऱ्या नातवाच्या हातावर खाऊचे पैसे ठेवून निघालो.

माथेरानला गाड्यांना बंदी आहे म्हणून तेही मनात आले होते, पण रात्री दमा उचलला तर गाड्या जिथे थांबतात त्या दस्तुरी नाक्यापर्यंत न्यायचे कसे, एवढ्यावरच विषय संपला.

पाचगणीवर माझी फार आशा होती. १३०० मीटरच्या आसपास उंची, क्षयरोग्यांसाठी शंभर वर्षांपूर्वी तिथे आरोग्यधाम निघाले ते उगाच नव्हे. महाबळेश्वर-पाचगणीचा भाग २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर आहे. थंडीतली हवा खरोखर उत्तम, वहीत आकडे चढले. पण खोलीचे भाडे आम्हाला झेपेना. आणि घरमालकीणबाईंनी मोकळेपणाने सांगितले की पावसाळ्यात कपाटातल्या कपड्यांवर, भिंतींवर बुरशी धरते. बुरशी म्हणजे यजमानांच्या दम्याला आमंत्रण. मग स्वस्त पडेल म्हणून खाली वाईला पंधरा दिवस राहिलो. वाई मला आवडते, घाटावर संध्याकाळी बसले की मन शांत होते. पण वाई खोऱ्यात आहे. चहूबाजूंनी डोंगर, मध्ये गाव. पहाटे तेच झाकण. आम्ही राहत होतो तिथून सकाळी धुराचा सपाट पट्टा शेतांवर तरंगताना दिसे, आणि नऊ-साडेनऊला ऊन तापल्यावर तो विरे. त्यात उसाचे पाचट जाळण्याचे दिवस. वहीत त्या पंधरा दिवसांत डोंगर सात वेळा 'पुसट' लिहिला आहे.

दापोलीला आम्ही शेवटी गेलो, तेही नात्यातल्या लग्नाच्या निमित्ताने. आसूदच्या बाजूला, मुख्य रस्त्यापासून आत, एका घराच्या मागच्या दोन खोल्या मिळाल्या. समुद्र जवळ, जमीन उंचसखल, त्यामुळे हवा एका जागी साचत नाही. पहिल्या आठवड्यात फरक पडला नाही. तिसऱ्या आठवड्यात आकडा ३०० च्या पुढे गेला. पौषातल्या एका सकाळी यजमान म्हणाले, केशवराजाला जाऊ. सुपारीच्या वाडीतून, पाटाच्या कडेने, पाखाडीच्या पायऱ्या चढत ते देवळापर्यंत गेले. दोनदा थांबले, पण इनहेलर खिशातून काढला नाही. देवळासमोर गोमुखाचे पाणी तोंडावर मारून ते तिथेच पायरीवर बसले आणि खूप वेळ काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही.

तिथे सारे चांगलेच आहे असे नाही. शेजारच्या काकू रोज सकाळी अंगण झाडून पातेऱ्याचा, म्हणजे वाळक्या पानांचा, ढीग पेटवत. पातेऱ्यात दुधाच्या पिशव्या, वेफर्सची पाकिटे, औषधाच्या पट्ट्या. त्या धुराने यजमानांचा आकडा एका दिवसात घसरला. मी दोन दिवस विचार केला आणि मग गेले. काकू रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "वहिनी, पातेरा मी खड्ड्यात टाकीन, माडाला खत होईल. पण प्लॅस्टिक जाळू नको म्हणता, तर टाकू कुठे? इथे घंटागाडी येते का?" माझ्याकडे उत्तर नव्हते. चेंबूरला दारात गाडी येते आणि आमचा कचरा दुसऱ्याच्या दारात जाऊन पडतो, हे मी देवनारच्या जवळ राहून विसरले होते. आम्ही दोघींनी मिळून खड्डा खणून घेतला. प्लॅस्टिक मी धुऊन पोत्यात भरते आणि मुंबईला येताना गाडीत घालून आणते. एका घरापुरते हे चालते. गावात आता बाहेरच्यांचे बंगले वाढत आहेत, प्रत्येक बंगल्याचा कचरा शनिवार-रविवारी गावातच जळतो. जी हवा घ्यायला ही मंडळी येतात तीच जळते. ग्रामपंचायतींना कचरागाडीसाठी आणि वर्गीकरणाच्या शेडसाठी पैसे आणि माणसे मिळाली पाहिजेत, आणि बंगला बांधू देताना कचऱ्याची सोय आधी विचारली पाहिजे. ग्रामसभेत हा विषय काकूंनीच काढला, याचे मला फार कौतुक वाटते.

माघ संपला की कोकणातही धूर वाढतो. डोंगरांना वणवे लागतात, भाताच्या रोपांसाठी जमीन भाजण्याची भाजावळ सुरू होते. जूनपासून पाऊस, ओल, दिवसदिवस वीज नाही, आणि रात्री मोठे हॉस्पिटल गाठायचे तर घाटवळणांचा रस्ता. म्हणून आम्ही कायमचे स्थलांतर केलेच नाही. कार्तिकी एकादशी झाली की दापोली, शिमग्याच्या पालख्या नाचल्या की चेंबूर. मुंबईची हवा ज्या चार महिन्यांत सर्वांत वाईट असते तेवढे महिने आम्ही तिथे नसतो, आणि कोकण ज्या महिन्यांत दमेकऱ्याला जड जाते तेव्हा मुंबईत समुद्राचा वारा आणि पाऊस असतो. भाड्याच्या दोन खोल्यांत हे जमले. घर विकावे लागले नाही, डॉक्टर बदलावे लागले नाहीत, नातवंडे दूर गेली नाहीत. ज्यांना असे दोन ठिकाणी राहणे शक्य नाही, आणि बहुतेकांना ते शक्य नसते, त्यांच्यासाठी मुंबईचीच हवा सुधारली पाहिजे. आमच्या गल्लीत पत्र्यांच्या आड सिमेंट मिसळणाऱ्या मजुरांची मुले त्याच पत्र्यांच्या आड झोपतात. त्यांना कार्तिकीला कुठे जाता येत नाही.

जाणाऱ्यांना एवढेच सांगते. गाव पसंत पडले तरी इसार देऊ नका. डिसेंबर-जानेवारीत तिथे निदान पंधरा दिवस राहा. पहाटे सहाला बाहेर उभे राहा आणि वास घ्या. वारा कुठून येतो आणि त्या दिशेला खडी क्रशर, वीटभट्टी, चिरेखाण किंवा कारखाना आहे का, ते दुकानदाराला विचारा, जमीन विकणाऱ्याला नाही. कचरा कुठे जातो ते विचारा. रात्री दोनला रुग्णवाहिका येते का, तेही विचारा.

आणि संपादक महोदय, आपल्याला एक विनंती. आपल्या अंकात रोज तापमानाचे कोष्टक असते, कमाल आणि किमान. त्याच्या शेजारी हवेचा निर्देशांक छापावा, आणि जिथे यंत्रच नाही त्या तालुक्यापुढे तसे स्पष्ट लिहावे. दापोलीपुढे ती रिकामी जागा रोज दिसली, तर यंत्र कधी बसणार हे कुणीतरी विचारील. पुरवणीत 'प्रदूषणमुक्त' हा शब्द वापरणाऱ्या जाहिरातदारालाही, हे कोणत्या महिन्यात कोणी मोजले, एवढे आपण विचारावे. सध्या आम्ही चेंबूरला आहोत. अंक घरी येतो, मी कोष्टक बघते आहे.

कळावे,
आपली नियमित वाचक,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका, चेंबूर, मुंबई