त्यांनी कोणाची परवानगी मागितली नव्हती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालचा अग्रलेख दोनदा वाचला. शेजारी बलाढ्य असेल तर लहान देशाने स्वातंत्र्याची भाषा जपून करावी, असा त्याचा सूर. उदाहरण म्हणून तुम्ही पूर्वी सोव्हिएत संघात असलेल्या लिथुआनियाला उभे केलेत. तैवानला राजधानी विल्निअसमध्ये कार्यालय उघडू दिले, चीनने व्यापार अडवला, मग मिळवले काय, हा तुमचा सवाल. वाचून वाईट वाटले आणि रागही आला, म्हणून लिहितो आहे.

जुलै १९९३ मध्ये मी लिथुआनियाच्या क्लाइपेडा बंदरात नऊ दिवस होतो. बोटीवर सेकंड इंजिनियर होतो. एका पंपाचा सुटा भाग यायचा होता, त्यामुळे मुक्काम लांबला. एजंटचा माणूस रोज संध्याकाळी निरोप घेऊन इंजिन रूमपर्यंत खाली उतरायचा. पन्नाशीचा होता, तोडकेमोडके इंग्रजी बोलायचा. एके दिवशी त्याने खिशातून वर्तमानपत्रात गुंडाळलेली कोरी करकरीत नोट काढली. दहा लितास. त्यांचे स्वतःचे चलन सुरू होऊन महिना होत आला होता. माझे हात ग्रीसने माखलेले, म्हणून त्याने ती माझ्याकडे दिली नाही, स्वतःच दोन्ही हातांनी दिव्याखाली धरली. नोटेवर दारिउस आणि गिरेनास हे दोन वैमानिक. १९३३ साली अटलांटिक ओलांडून निघालेले त्यांचे विमान घरी पोचण्याआधीच जर्मनीत कोसळले. हे सांगताना त्याचा आवाज बसला. रशियन फौजा तेव्हा देशातून पुरत्या निघालेल्याही नव्हत्या; शेवटची तुकडी ३१ ऑगस्टला गेली. परके सैनिक घरात असताना या माणसाच्या खिशात स्वतःच्या देशाची नोट होती!

१९९० च्या नाकेबंदीबद्दलही तो बोलला. ११ मार्चला त्यांनी स्वातंत्र्य जाहीर केले आणि एप्रिलमध्ये मॉस्कोने खनिज तेल तोडले, गॅस कमी केला. नळाचे गरम पाणी गेले, पेट्रोलसाठी रांगा लागल्या. त्याच महिन्यात पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर कोल आणि फ्रान्सचे अध्यक्ष मितराँ यांनी पत्र लिहून घोषणेची अंमलबजावणी काही काळ थांबवा असे सुचवले. जरा दमाने घ्या, हाच तुमचाही सल्ला आहे. १३ जानेवारी १९९१ ला विल्निअसच्या टीव्ही टॉवरवर रणगाडे आले. नि:शस्त्र माणसे आडवी उभी राहिली आणि चौदा जणांचे जीव गेले.

त्यानंतर पहिली मान्यता कोणी दिली? आइसलँडने, ११ फेब्रुवारीला. वस्ती जेमतेम अडीच लाख, म्हणजे आमच्या रत्नागिरी जिल्ह्याच्या पाव हिश्शाहूनही कमी, आणि सैन्य तर नाहीच. १९४० चा सोव्हिएत कब्जा कधीच न मानणाऱ्या अमेरिकेला मात्र सप्टेंबर उजाडला. मोठ्यांचा होकार येईपर्यंत लिथुआनियन थांबले असते, तर ती नोट कधी छापली गेली असती?

चीनबाबत नुकसान झाले, हे मान्य. लिथुआनियाचे सुटे भाग वापरणाऱ्या इतर युरोपीय कंपन्यांवरही दडपण आले. पण लिथुआनियाची चीनला होणारी थेट निर्यात एकूण निर्यातीच्या एक टक्क्याच्या आसपास होती, हे अग्रलेखात एका ओळीत तरी यायला हवे होते. आणि कशाची किंमत किती मोजायची हे त्या लोकांनी ठरवायचे. १९४० आणि १९९० त्यांनी भोगले आहे.

आणखी एक. अग्रलेखासोबतच्या नकाशाखाली ‘बाल्कन राष्ट्रे’ असे छापले आहे. लिथुआनिया, लाटव्हिया, एस्टोनिया ही बाल्टिक राष्ट्रे आहेत. बाल्कन तिथून शेकडो मैल दक्षिणेला. सकाळी कार्यालयात फोन केला, तर ‘बघतो’ म्हणून ठेवून दिला. त्या तीन देशांचे नाव तरी नीट छापा. दुरुस्ती उद्याच्या अंकात, अग्रलेखाच्याच पानावर यावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त मरीन इंजिनियर, रत्नागिरी