मुळाला खालची दिशा कशी कळते

पुणे,
२० सप्टेंबर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र पोचून चार दिवस झाले. पाभरीतून बी उलटं पडो नाहीतर आडवं, मूळ खालीच कसं जातं, हा तुझ्या लेकीचा प्रश्न वाचला आणि लगेच दोन ओळी लिहायला घेतल्या. पण पेन थांबलं. वीस वर्षं मी वर्गात 'मुळं गुरुत्वानुवर्ती असतात' असं सांगत आलोय. ते तर नुसतं नाव झालं. पोरीला उत्तर हवंय. म्हणून आधी मूग भिजत घातले.

ओल्या टिपकागदावर मूग ठेवून काच उभी केली. आदिमूळ पेरभर लांब झाल्यावर काच एका कुशीवर फिरवून अंधाऱ्या कपाटात ठेवली. सकाळी बघतो तर सगळ्या मुळांची टोकं काटकोनात वळून पुन्हा खाली निघालेली. मग एका टोकाचा ब्लेडने पातळ उभा छेद घेतला, आयोडीनचा थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. अगदी शेंड्याशी, मूलटोपीच्या, म्हणजे टोकावरच्या पेशींच्या आवरणाच्या, मधोमध काळेनिळे दाणे, म्हणजेच स्टार्च! तिच्या मागचा, जिथे पेशी भराभर विभागतात तो भाग मात्र फिका. दरवर्षी आम्ही कांद्याची मुळं पाण्यात वाढवून पेशीविभाजनाच्या स्लाइड करतो, तेव्हा त्या फिक्या भागाकडेच बघतो. टोपीकडे मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. कांद्याच्या मूलटोपीतही हे दाणे असतात, आणि कांदा तर आपल्या गड्ड्यात स्टार्च साठवत नाही. म्हणजे टोपीतला स्टार्च हा खाण्यासाठीचा साठा नव्हे.

ते दाणे ज्या पिशव्यांत असतात ती लवकं. शाळेत आपण फक्त पानातली हिरवी लवकं पाठ केली, पण मुळातही ती असतात, रंगाशिवायची. विभागणाऱ्या पेशींत ती बारीक, अर्धवट घडलेली असतात. पेशी टोपीच्या मधल्या भागात आली की त्यांच्यात स्टार्च भरतो आणि त्यांचे अमायलोप्लास्ट होतात. स्टार्च भोवतालच्या पेशीरसापेक्षा जड, त्यामुळे ती पेशीच्या तळाशी जाऊन बसतात. मूळ आडवं केलं की काही मिनिटांत घरंगळून नव्या तळाशी येतात. मुळाचा ओळंबा तोच.

हे १९०० साली ऑस्ट्रियात हाबरलांट आणि प्रागमध्ये नेमेक यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे मांडलं. त्याच्या वीस वर्षं आधी डार्विन आणि त्याचा मुलगा फ्रान्सिस यांनी लिहून ठेवलं होतं की मुळाचं टोक कापलं तर ते वाढत राहतं, पण खाली वळत नाही. पुढे १९८९ मध्ये स्टार्च बनवूच न शकणारी मोहरीच्या कुळातली रोपं तपासली गेली. त्यांची मुळंही खाली वळली, पण फार सावकाश. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते: वजन नसलं तरी लवकं थोडंफार सांगतातच, वजन असलं की निरोप स्पष्ट पोचतो. निरोप नेमका कसा पोचतो याचा मोठा धागा २०२३ मध्ये जपान आणि चीनमधल्या संशोधकांना सापडला. लवकं तळाशी टेकली की त्यांच्या अंगाला चिकटलेली काही प्रथिनं जवळच्या पेशीपटलावर उतरतात. तिथून ऑक्सिन, म्हणजे वाढीचं संप्रेरक, खालच्या बाजूला जास्त वळवलं जातं. मुळात जास्त ऑक्सिन म्हणजे वाढीला लगाम. खालची बाजू मंदावते, वरची लांबत राहते, आणि मूळ खाली झुकतं. वाकणं टोपीत होत नाही बरं का, तिच्या थोडं मागे होतं. दिशा एका जागी कळते आणि वळतं दुसरीकडे.

तू युरिया टाकतोस त्याचंही नातं या लवकांशी आहे. जमिनीतले जिवाणू त्याचं शेवटी नायट्रेट करतात, मूळ ते शोषतं आणि त्याचं नायट्राइट होतं. नायट्राइट पेशीला बाधतं, म्हणून ते लवकात नेऊन तिथेच त्याचा अमोनिया केला जातो आणि पुढे अमिनो आम्लं. पानात या कामाला उन्हाची ताकद मिळते. मुळात ऊन नाही, म्हणून लवकं साखर जाळून ती ताकद काढतात. कोवळ्या रोपात ती साखर दाण्यातल्या शिदोरीतून येते. भरलेला, टपोरा दाणा पेरायचा हा तुझ्या वडिलांचा हट्ट मला आता जास्त कळतो.

आणि टारफुला, ज्वारीच्या मुळांवर जगणारं ते परजीवी तण. ज्वारीत तो उगवला की तुझा जीव कसा खालीवर होतो ते मी पाहिलंय. त्याचं धुळीसारखं बी जमिनीत वर्षानुवर्षं पडून राहतं आणि ज्वारीच्या मुळातून स्ट्रायगोलॅक्टोन नावाचं रसायन झिरपलं की जागं होतं. ते रसायन बनायला सुरुवात होते मुळातल्या लवकांतच, गाजराला रंग देणाऱ्या कॅरोटीनपासून. ज्वारी ते टारफुल्यासाठी सोडत नाही. जमिनीत स्फुरद कमी पडलं की ती मुळांना स्फुरद आणून देणाऱ्या बुरशीला हाक मारते, आणि ती हाक टारफुलाही ऐकतो. स्फुरद कमी, तर हाक मोठी. या गोष्टीने मी दोन रात्री अस्वस्थ आहे. तुझ्या वरच्या तुकड्यात टारफुला जास्त येतो, तिथल्या मातीचं परीक्षण शेवटचं कधी केलंस?

दिवाळीला येतो. रब्बीची ज्वारी तेव्हा वीतभर झाली असेल. सूक्ष्मदर्शक आणि आयोडीन बरोबर आणतो. लेकीला सांग, एका डब्यात माती भरून चार दाणे उलटे, चार आडवे आत्ताच लाव, आणि मी आल्याशिवाय उकरू नकोस. पहिला छेद तिनेच घ्यायचा आहे.

काकूंना नमस्कार.

तुझाच