ट्रॅकबॉल घेण्याआधी

प्रिय श्रीधर,

तुझं पत्र मिळालं. हात इतका दुखतोय की माऊस धरवत नाही, हे वाचून जीव कळवळला. माऊसऐवजी कोणता ट्रॅकबॉल घेऊ, म्हणजे जागेवरच राहणारं, वरचा चेंडू फिरवून कर्सर हलवायचं यंत्र, असं विचारलं आहेस. पण त्याआधी दुखतंय नेमकं कुठे, ते बघ. जे बोट दुखतंय त्याच बोटाला चेंडू फिरवायला लावलास, तर महागातलं यंत्रही त्रासच देईल.

अंगठा मुठीत घे आणि मनगट हलकेच करंगळीकडे वाकव. अंगठ्याच्या बाजूला मनगटात कळ आली, किंवा अंगठ्याचा बुंधाच दुखत असेल, तर अंगठ्याने फिरवायचे ट्रॅकबॉल घेऊच नकोस. लॉजिटेकचे एर्गो एम५७५ आणि एमएक्स एर्गो याच जातीचे. दोन्हींचा चेंडू ३४ मिलिमीटरचा, आणि दिवसभर तो एकटा अंगठाच फिरवतो. अंगठा धडधाकट असेल आणि तक्रार मनगट फिरवण्याची असेल, तर मात्र हेच सोयीचे. एमएक्स एर्गो २० अंशांपर्यंत तिरपा करता येतो, त्यामुळे पंजा टेबलावर पालथा दाबून ठेवावा लागत नाही.

अंगठा दुखत असेल तर बोटांनी फिरवायचा मोठा चेंडू बघ. केन्सिंग्टनच्या एक्स्पर्ट माऊसचा चेंडू ५५ मिलिमीटरचा आहे, एलेकॉम ह्यूजचा ५२. मोठा चेंडू दोन-तीन बोटांत मिळून फिरतो, एका सांध्यावर भार येत नाही. ह्यूज फक्त उजव्या हाताचा. एक्स्पर्ट दोन्ही हातांना चालतो, म्हणजे दुखरा हात पूर्ण विश्रांतीला ठेवता येतो. मला हा फायदा फार मोलाचा वाटतो.

इथे एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. एक्स्पर्ट उजव्या हाताने वापरताना चेंडू बोटं फिरवतात खरी, पण नेहमीचं क्लिक डाव्या बाजूच्या बटणावर, म्हणजे पुन्हा अंगठ्यावरच येतं! तेव्हा पहिल्याच दिवशी सेटिंगमध्ये ते क्लिक उजव्या बटणावर ने. ते अनामिकेने किंवा करंगळीने दाबता येतं. बटण दाबून धरून चेंडू फिरवणं, म्हणजे ड्रॅग, सगळ्यात त्रासाचं. विंडोजमध्ये माऊसच्या सेटिंगमध्ये क्लिकलॉक चालू कर. बटण क्षणभर दाबून सोडलं की ते धरलेलंच राहतं, पुन्हा क्लिक केलं की सुटतं.

मोठ्या चेंडूची खोड म्हणजे उंची. यंत्र उंच असलं की मनगट मागे वाकतं आणि बोटं अधांतरी राहतात. त्याने कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखायला लागतं. हाताखाली आधार दे, पण तो तळव्याच्या टाचेखाली किंवा बाहूखाली. मनगटाच्या मधोमध दाब नको, बोटांकडे जाणारी नस तिथूनच जाते. यंत्र कीबोर्डला चिकटून ठेव. आकड्यांच्या बटणांमुळे हात लांब जात असेल तर ती बटणं नसलेला छोटा कीबोर्ड बरा.

कर्सरचा वेग असा ठेव की चेंडूच्या एका-दोन झोक्यांत पडदा पार व्हावा. फार हळू असेल तर बोटं उगाच राबतात. फार जलद असेल तर बारीक जागी थांबताना हात आपोआप आवळला जातो.

नवा चेंडू सुरुवातीला अडखळतो. हाताचं तेल लागलं की सुधारतो; तळहातावर चोळून बसवलास तरी चालेल. पुढे पुन्हा अडखळायला लागला तर आतले तीन आधारबिंदू बघ, मळ तिथेच साचतो. आठवड्यातून एकदा चेंडू काढून ते बिंदू कापसाच्या काडीने पूस. एम५७५ मध्ये खालच्या भोकातून पेन्सिलीने ढकललं की चेंडू बाहेर येतो. हे टाळलंस तर बोटं नकळत जोर लावतात आणि दुखणं पुन्हा सुरू होतं.

परत करता येईल असाच घे. पहिले दोन आठवडे नेम चुकेल, ते सवयीचं आहे. पण नव्या जागी दुखू लागलं तर सवय होण्याची वाट पाहू नकोस, परत कर. आणि अंगठा, तर्जनी, मधलं बोट रात्री बधिर होत असेल तर आधी डॉक्टरांना दाखव, खरेदी नंतर.

दुखतंय कुठे ते लगेच कळव.

तुझा,
अविनाश