बाबांची काठी आणि पंधरा दिवसांचा आदेश : गृहमंत्र्यांना खुलं पत्र

मा. गृहमंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी ठाण्याच्या नौपाड्यात जन्मलो, इथेच वाढलो, आता पन्नाशीला आलोय. कुठल्या पक्षात नाही, पण मतदान एकदाही चुकवलेलं नाही. एक गोष्ट बरेच दिवस डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय.

पावसाळ्याआधी आम्ही सकाळी फिरायला येणारे सहा-सात जण तलावपाळीला उभे होतो, हातात दोन पुठ्ठे, त्यावर गल्लीतली झाडं तोडू नका एवढंच लिहिलेलं. घोषणा नाही, रस्ता अडवलेला नाही. एक हवालदार आले, बोलले नीट, पण म्हणाले जमावबंदीचं कलम 37 लागू आहे, पाच जण जमता येत नाही, आणि सगळ्यांची नावं आणि फोटो घेऊन गेले. आमच्यात एक रिटायर्ड शिक्षिका काकू आहेत, बहात्तर वर्षांच्या, त्या दुसऱ्या दिवसापासून फिरायलाच येईनात. मला ते फार लागलं.

मग घरी बसून वाचलं. 1951 च्या पोलीस कायद्यातलं कलम 37. जमावबंदी 15 दिवसांपेक्षा जास्त ठेवायची असेल तर राज्य सरकारची मंजुरी लागते असं त्यात स्पष्ट आहे, म्हणजे तुमच्याकडे यावं लागतं. पण होतं काय, पंधरा दिवस संपले की नवीन आदेश निघतो, ते संपले की आणखी एक, कारण दरवेळी तेच, सण, उत्सव, आंदोलनांची शक्यता. मग ती 15 दिवसांची अट कायद्यात लिहिलीच कशाला? काश्मीरच्या इंटरनेटबंदीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने 10 जानेवारी 2020 ला सांगितलंय की कलम 144 चे जमावबंदीचे आदेश पुन्हा पुन्हा काढत राहणं हा अधिकाराचा गैरवापर आहे, आणि आदेश लोकांना कळतील असे प्रसिद्ध करा. तिथे कलम वेगळं होतं, पण माणसाचा हक्क तोच ना.

याच कलमात काठी, सोटा बाळगायलाही बंदी घालता येते, इजा करता येईल अशी कुठलीही वस्तू म्हटलंय. हे वाचलं आणि मला एकदम बाबांची काठी आठवली. मी नववीत असेन, चड्डी-बनियन गँगची अफवा सगळीकडे पसरली होती, आमच्या चाळीत रात्रीची गस्त सुरू झाली. प्रत्येक घरातून एक माणूस, पाळी लावलेली, बाबांच्या हातात तेल पाजलेली बांबूची काठी, कोणाच्या हातात हॉकी स्टिक, एक शिट्टी सगळ्यांत मिळून. दोन वाजता कोणाच्या तरी घरून चहा यायचा, आम्ही पोरं झोपल्याचं सोंग करून खिडकीतून बघायचो. चोर काही आला नाही, पण ज्या दोन बिऱ्हाडांचं पाण्यावरून वर्षभर बोलणं बंद होतं ती त्या महिन्यात बोलायला लागली. रात्री बीटवरचे पोलीस येऊन आमच्यातच चहा प्यायचे. आज तीच माणसं तशी उभी राहिली तर आदेशाचा भंग होईल, जमाव म्हणूनही आणि काठी म्हणूनही.

माझी मुलगी ऐरोलीला आयटीत आहे, रात्री साडेअकराला ट्रान्सहार्बर लोकलने ठाण्याला उतरते, दहा नंबर प्लॅटफॉर्मवरून बाहेर येते. तिच्या पर्समध्ये मिरचीचा स्प्रे असतो, मीच घेऊन दिलाय. भारतीय न्याय संहितेच्या 34 व्या कलमापासून पुढे स्वसंरक्षणाचा हक्क दिलाय, स्वतःच्याच नाही तर दुसऱ्याच्या जिवासाठीसुद्धा. मग स्प्रे ही इजा करणारी वस्तू की संरक्षणाची, हे तिला रात्री साडेअकराला कोण सांगणार? हे शासनाने एकदा साध्या मराठीत लिहून काढावं.

आणि साहेब, भीती उगाच नाही वाटत. 2012 मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या पोस्टसाठी अटक झाली, पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. ज्याखाली ती झाली ते आयटी कायद्याचं 66अ कलम 24 मार्च 2015 ला सुप्रीम कोर्टाने रद्द केलं, पण त्या मुलींची ती रात्र कोण परत देणार. आमच्या चाळीतल्या एका मास्तरांना आणीबाणीत मिसाखाली, म्हणजे खटल्याशिवाय डांबून ठेवायच्या कायद्याखाली, नेलं होतं, येरवड्याला. परत आले पण कोपऱ्यावरच्या कट्ट्यावर पुन्हा कधी बसले नाहीत, हे बाबा शेवटपर्यंत सांगायचे, आणि सांगताना आवाज खाली आणायचे, घरातच असूनसुद्धा.

दंगल होणार असेल, खरंच धोका असेल तर आदेश काढाच, आम्ही घरात बसू. पण त्या भागापुरता, त्या दिवसांपुरता, कारण लिहून. वर्षभर चालवायचाच असेल तर कायद्यात म्हटल्याप्रमाणे तुमची मंजुरी घेऊन, तुमच्या सहीने, म्हणजे विचारायचं कोणाला ते आम्हाला कळेल. आणि शांतपणे उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांचे फोटो काढू नका, काढलेत ते पुसून टाका.

काकूंकडे मी परवा जाऊन आलो. म्हणाल्या, बघू, पाऊस थांबू दे. तुमचं उत्तर आलं तर पहिल्यांदा त्यांनाच वाचून दाखवीन.

आपला,
नौपाड्यातला एक रहिवासी, ठाणे